सुपडू मास्तरांची थंडीची वही

परवा मी युरोप जाळला.

मुद्दाम नाही. धुंधुरमासातली सकाळ होती, अंघोळीचा बंब काही केल्या पेटत नव्हता. गवऱ्या दवानं ओलसर झालेल्या आणि माझा चष्मा देवघरात राहिलेला. माळ्यावरून रद्दीचा एक गठ्ठा ओढला आणि चार-चार पानं फाडून बंबात सारू लागलो. बंब पेटला. पेन्शनीत निघाल्यापासून घरातलं एक काम मला धड जमलं, म्हणून मी थोडा फुगलोही. एवढ्यात आमची मंडळी, म्हणजे गिरजा, परसात आली. गिरजा एरवी शाळामास्तराच्या बायकोला शोभेलसं बोलते, पण रागावली की सरळ माहेरच्या अहिराणीवर येते.

"मन्हा बंब, मन्ह्या गवऱ्या, आन् हाई काय जाळी राह्यनात तुम्ही?"

मी हातातलं पान डोळ्यांपासून लांब धरून पाहिलं. "...पहिली चांदणी दिसली की जेवायला बसतात. ताटं मांडताना एक ताट जास्तीचं मांडतात..." अक्षर ओळखायला चष्मा लागला नाही. बारीक, उजवीकडे कललेलं, वाऱ्याला पाठ देऊन उभ्या असलेल्या माणसासारखं. सुपडू मास्तरांची थंडीची वही. बावीस वर्षं ती माझ्या माळ्यावर होती आणि बावीस वर्षांत मी ती एकदाही उघडली नव्हती. आता उघडली तेव्हा पोलंडच्या अलीकडचा सगळा युरोप जळून गेला होता. पाणी मात्र कडकडीत तापलं.

सुपडू मास्तर एरंडोलच्या आमच्या शाळेत बदलून आले ते ऐन थंडीत. आई-बापांची आधीची तीन मुलं गेली म्हणून या चौथ्याला सुपात घालून ओढलं, आणि नाव सुपडूच ठेवलं. "मला देवानं पाखडून ठेवलंय," असं ते स्वतःच सांगत. अंगानं खरोखरच पाखडल्यासारखे होते, हाडं तेवढी शिल्लक. त्यावर एक लष्करी ओव्हरकोट. त्यांच्या गावचा कोणी शिपाई मागच्या नव्हे, त्याच्या मागच्या लढाईवरून फ्रान्सहून परतला होता, त्यानं दिलेला. कोट त्या शिपायाच्या मापाचा. मास्तरांचे हात बाह्यांत हरवत आणि फळ्यावर लिहायचं झालं की आधी त्यांना आपला हात शोधून बाहेर काढावा लागे.

मी तिसरीचा मास्तर, ते चौथीचे. भूगोल त्यांचा. थंडी पडली की ते वर्गात शिकवत नसत. पोरांना मैदानात नेत, सूर्याकडे पाठ करून ओळीनं बसवत आणि म्हणत, "ही थंडी काही एरंडोलची नाही. सगळ्या जगावरून फिरून येते. आपल्याकडे येईपर्यंत बिचारी दमलेली असते. जिथून निघाली तिथं ती काय करते ते आता ऐका."

मग काय काय निघे. कुठल्या मुलखात पोरी डोक्यावर जळत्या मेणबत्त्यांचा मुकुट घालून घरच्यांना उठवतात. जपानात थंडी सरताना भाजलेले दाणे घरभर फेकतात आणि भुतांना बाहेर जायला, भाग्याला आत यायला सांगतात. आल्प्सच्या डोंगरात गडी माणसं शिंगांची सोंगं घालून घंटा वाजवत हिंडतात. काश्मिरी माणूस निखाऱ्यांची शेगडी पैरणीत घेऊन चालतो. आमच्या वर्गाच्या खिडकीतून हे सगळं ऐकू येई आणि माझी तिसरी पाढे विसरे. खरं म्हणजे पाढे मीच विसरत असे.

हा माणूस खान्देशाबाहेर कधी गेला नव्हता. पूर्वेला भुसावळ, पश्चिमेला धुळं, वर शिरपूर, संपलं. पण भुसावळच्या जंक्शनवर रविवारी जाऊन बसायचं आणि दूरचा जो माणूस दिसेल त्याला गाठायचं हा त्यांचा छंद. शाली विकणारा काश्मिरी, चहावाला इराणी, पंजाबातला गार्ड, एकदा तर स्कॉच ड्रायव्हर. इंग्रजी यथातथाच, पण प्रश्न एकच असे आणि तो त्यांनी सहा भाषांत पाठ केला होता. थंडीच्या सणाला काय खाता, काय नेसता, हे ते विचारतच नसत. विचारत, "तुमच्याकडे थंडीत कोणाला बोलावतात?"

उत्तर वहीत. त्याखाली आणखी एक ओळ: "कोणाला बोलावत नाहीत?"

स्कॉच ड्रायव्हरनं सांगितलं की आमच्याकडे नव्या सालाला उंबरठा पहिल्यांदा कोण ओलांडतो हे पाहतात. काळ्या केसांचा पुरुष हातात कोळसा घेऊन आला तर शुभ. मास्तर परत आले ते गंभीर होऊनच. "भाऊ," मला म्हणाले, "म्हणजे तिथंही दारात कोण उभं आहे ते आधी पाहतात. मला वाटलं होतं, फक्त आपणच."

मी म्हणालो, "मास्तर, एरंडोलात काळ्या केसांची कमी नाही. कोळसा घेऊन तुम्हीच हिंडा."

ते हसले. मी विनोद केला की ते नेहमी हसत. विनोद बरा नसला तर थोडे जास्तच हसत.

एकदा दिपोटी साहेब तपासणीला आले. चौथी उन्हाकडे पाठ करून बसलेली पाहून त्यांचं डोकं तापलं. एका पोराला विचारलं, "हिवाळ्यात कोणती पिकं येतात?" पोरानं गहू, हरभरा सांगितलं आणि थांबायचं सोडून इराणात सर्वांत लांब रात्री डाळिंब आणि कलिंगड खातात, तेही घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे जाऊन, असं जोडलं.

"हे पुस्तकात कुठं आहे?" दिपोटींनी विचारलं.

"नाही, साहेब," मास्तर बाहीतून हात बाहेर काढत म्हणाले. "पुस्तक बहुतेक उन्हाळ्यात छापलं असावं."

शेरा वाईट पडला. मास्तरांनी तोही वहीत उतरवून घेतला.

आता त्या प्रश्नाचं कारण सांगायला हवं. एरंडोलात ते सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही होतं, आणि ठाऊक असूनच मी कोळशाचा विनोद केला होता.

मास्तरांची बायको मथुरा. मानमोडीच्या तापाच्या साथीत तिचा पहिला नवरा गेला तेव्हा ती चौदाची होती. पुढं मास्तरांनी तिच्याशी पाट लावला. आमच्या शेतकरी घरांत पाटाला बंदी नाही. पण तो रात्री लावायचा, गावाबाहेर, दिवा विझवून, कोणाच्या नजरेला न पडता. हा माणूस अडून बसला की मी दिवसा लावीन. लावलाही. भर दुपारी, मारुतीच्या पारावर, सावली पायाखाली असताना. त्यांच्या गावानं तेवढ्यावरून त्यांना तोडलं. आमच्या गावानं तोडलं वगैरे नाही. आम्ही सुधारलेले होतो. मथुरावहिनींच्या हातचं आम्ही जेवत असू. त्या कोणाच्याही शेतात कापूस वेचायला जात, बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालत. फक्त पाटाच्या बाईला सवाष्ण धरत नाहीत. हळदीकुंकू, ओटी, संक्रांतीचं सुगड, यात ती नाही. कोणी बोलून दाखवत नसे. नुसतं घडत नसे.

संक्रांतीला वहिनी चौरंगावर पाच सुगडं मांडत. हरभरा, बोरं, उसाची कांडी, वर तिळगूळ. दार उघडं ठेवून दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बसत. सगळ्या गल्लीतल्या बायका एकमेकींच्या घरी सुगडं नेत-आणत असत आणि त्या घरापाशी आल्या की जरा भरभर चालत. दुसऱ्या दिवशी हरभरा शेळीला. मास्तर वहीत लिहीत: एरंडोल, संक्रांत. पाच मांडली, पाच उरली.

एवढंच हवं होतं त्या माणसाला. जगभरच्या थंडीत तो एक अशी रीत शोधत होता, जी आणून आमच्या उंबरठ्यावर ठेवता येईल.

ती त्यांना सापडली, धुळ्याच्या मिशनच्या दवाखान्यात. वहिनींना छातीचं दुखणं लागलं म्हणून तिकडे नेलं होतं. तिथली एक गोरी नर्सबाई, तिची आजी पोलंडची. तिनं सांगितलं की आजीच्या घरी थंडीतल्या मोठ्या सणाला एक ताट जास्तीचं मांडतात. ज्याला बोलावलं नाही, त्याचं. तो आला तर कोण, कुठला हे न विचारता वाढायचं. मास्तर परतले ते जणू औषध मिळाल्यासारखे. वहिनींचं औषध ते मोटारीत विसरून आले होते.

त्याच पंधरवड्यात आमच्या शेतात भरीत होतं. चंपाषष्ठी झाली, वांगं खायला मोकळीक झाली की आमच्याकडे घरात कोणी भरीत करत नाही. शेतात कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या आणि पातीचा कांदा, आणि पन्नास माणूस. मी मास्तरांना आमंत्रण दिलं. "मास्तर, या," म्हणालो. "तुम्ही या," असं म्हणालो. बाकीच्यांना "घरच्यांना घेऊन या" म्हणत होतो. हा फरक मी फार सफाईनं केला असं मला वाटलं होतं.

मास्तर आले, ओव्हरकोट घालून, काखेत एक रिकामं पितळी ताट. पंगतीत बसले आणि ताट शेजारी मांडलं. पंगतीच्या टोकाला आमचे चुलते, नाना. त्यांना काही नजरेआड होत नसे.

"मास्तर, हाई ताट कोनं शे?"

"पाहुण्याचं, नाना."

"कोन येनार शे?"

"ज्याला बोलावलं नाही तो."

नाना पुरी मोडत म्हणाले, "मंग बठ्ठा गावले वाढनं पडी."

सगळ्या गावाला वाढायच्या कल्पनेनं पंगत हसली. मीही हसलो. वाढणारा पोळपाटाएवढा भरताचा गोळा घेऊन आला, त्या ताटापाशी थबकला, माझ्याकडे पाहिलं. शेत माझं, भरीत माझं. मी मान वळवून पलीकडच्या माणसाला कांदा हवा का विचारलं. वाढणारा पुढं गेला.

मास्तरांनी पोटभर जेवण केलं, भरीत उत्तम झालं म्हणाले. जाताना विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं तिथं, आपलं ताट धुतलं. मग ते रिकामं, कोरडं ताटही धुतलं, पुसलं, आणि काखेत मारून निघाले.

त्यांनी माझ्याकडे आयुष्यात एकदाच काही मागितलं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर. वहिनी तोवर फार खंगल्या होत्या. मास्तर कोटाची बटणं लावत-काढत उभे राहिले.

"भाऊ, उद्या गिरजावहिनींना आमच्याकडे पाठवाल का? पाचही नकोत. एक सुगड उचललं तरी झालं. मथुराच्यानं पुढल्या संक्रांतीला बसवेल असं वाटत नाही."

"पाठवतो की," मी म्हणालो. "त्यात काय एवढं."

आणि मी घरी येऊन गिरजाला काही सांगितलं नाही.

आमच्या थोरलीचं तेव्हा शिरपूरला जमत होतं. घराणं मोठं, जुन्या वळणाचं, कान लांब. आपल्या होणाऱ्या सुनेची आई पाटाच्या बाईकडून संक्रांतीचं सुगड घेऊन आली, हे तिथं कळायला दोन दिवस लागले नसते. असा मी विचार केला. विचार केला म्हणतोय ते माझ्या लौकिकासाठी. खरं तर मी घाबरलो आणि मग विचार शोधून काढला. गिरजाला सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचंही नव्हतं. तिला विचारायच्या आधीच मी तिच्या वतीनं नाही म्हणून टाकलं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी शाळेत मास्तरांना सांगितलं, "तिला काल एकाएकी ताप भरला हो."

"थंडी फार आहे," ते म्हणाले. "जपा त्यांना." आणि कोटाच्या खिशातून फडक्यात गुंडाळलेलं एक सुगड काढलं. "मथुरानं दिलंय. ताप उतरला की द्या. यायला हवं असं काही नाही, इथूनही घेता येतं."

म्हणजे मी ताप सांगणार हे त्यांनी धरलं होतं, की येताना सहज खिशात घातलं होतं, मला आजही कळलेलं नाही.

ते सुगड मी घरी नेलं नाही. शाळेच्या मागं बाभळी होत्या, तिथं गेलो. हरभरा चिमण्यांना टाकला. बोरं टाकली. मडकं दगडावर आपटलं. तिळगूळ तेवढा टाकवेना. सणाचा पदार्थ टाकू नये असे आमच्यावर संस्कार. म्हणून तो तिथंच उभा राहून खाल्ला. चांगला होता. वेलदोडा घातलेला.

फाल्गुनात मथुरावहिनी गेल्या. सकाळची वेळ होती. दारात पुरुष होते, बायका समोरच्या ओट्यावर, पदर तोंडाला लावून. नवऱ्याआधी गेलेली बाई. तिची ओटी भरून, मळवट भरून तिला पाठवायचं. पण पाटाची. कोणी उठेना. मास्तर उंबरठ्याच्या आत उभे होते, हातात हळदीकुंकवाची कोयरी. ती कोणाला द्यावी हे त्यांना समजत नव्हतं.

तेवढ्यात गिरजा आली. तिला मी बोलावलं नव्हतं. खण, नारळ, तांदूळ पदरात घेऊन ती सरळ गल्लीच्या मधून चालत आली, समोरच्या ओट्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. उंबरठा ओलांडून आत गेली. मास्तरांच्या हातातली कोयरी घेतली. वहिनींचं कपाळ भरलं, ओटी भरली, केसांवरून हात फिरवला आणि उठली.

मास्तर तिच्याकडे पाहत राहिले. मग अगदी मायेनं म्हणाले, "वहिनी, संक्रांतीचा तो ताप उतरला ना?"

"कसाना ताप?" गिरजा म्हणाली. "माले दोन सालमा ताप नही उना."

मास्तरांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मी आजवर केव्हाच विसरलो असतो. भुसावळच्या जंक्शनवर परमुलखातल्या माणसाकडे पाहत तसं पाहिलं. हा कुठला, याच्याकडे काय रीत आहे, असं.

"बरं," एवढंच म्हणाले.

घरी येताना गिरजानं विचारलं, "ते तापाचं काय म्हणत होते?" मी म्हणालो, "दुःखात माणूस काहीबाही बोलतो." तिनं ते खरं मानलं. निदान पुन्हा विचारलं नाही.

थोरलीचं शिरपूरला जमलं नाही, हेही सांगून टाकतो. पत्रिकेवरून मोडलं.

मास्तरांनी बदली मागून घेतली, सातपुड्याच्या पायथ्याचं कुठलंसं खेडं. वैशाखातल्या सकाळी मी मोटारस्टँडवर पोचवायला गेलो. न जाणं शोभलं नसतं. मी शोभण्याबद्दल फार दक्ष. नऊ वाजताच धूळ तापलेली, आणि मास्तर तो लष्करी ओव्हरकोट अंगात घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून उभे. सामान म्हणजे एक वळकटी आणि पितळी ताट, तेही एकच.

"मास्तर, कोट काढा. घेरी येईल."

"वळकटीत मावत नाही," ते म्हणाले. मग बाहीतून हात शोधून बाहेर काढला. त्यात वही होती. "ही तुमच्याकडे राहू द्या, भाऊ. एक पान कोरं आहे. ते तुम्ही लिहा."

मोटार आली. ते मागच्या बाकावर, उन्हाच्या बाजूला बसले. सवयीनं पाठ उन्हाकडे केली, त्यामुळं तोंड माझ्याकडे आलं, पण ते माझ्याकडे पाहत नव्हते. समोरच्या बाकावर सातपुड्याच्या डोंगरातला एक पावरा म्हातारा कोंबडं मांडीवर घेऊन बसला होता. मोटार हलली तेव्हा मास्तर पुढं वाकून त्याला काहीतरी विचारत होते. काय ते ऐकू आलं नाही, पण मला माहीत होतं. पुढं दोन वर्षांनी ते तिकडेच हिवतापानं गेल्याचं कळलं. कोणी पोचवलं, कोण आलं होतं, कळलं नाही.

वही मी माळ्यावर टाकली ती परवापर्यंत. पोलंडचं पान हातात आल्यावर उरलेली चाळली. जपान शाबूत आहे, इराण आहे, पंजाबची लोहडी आहे. शेवटी एका पानावर त्याच कललेल्या अक्षरात मथळा: "एरंडोल. संक्रांतीला कोणाला बोलावतात?" खाली ओळ: "बोलावलं तर कोण येतं?" बाकी पान कोरं.

एवढ्या उशिरा का होईना, त्या पानावर जे लिहायचं ते मी वर लिहिलं आहे. पान पुरलं नाही.

काल दुपारी ते सगळं गिरजाला वाचून दाखवलं. ती ओट्यावर उन्हाकडे पाठ करून संक्रांतीचे तीळ निवडत बसली होती. मला वाटलं होतं, शिरपूरच्या स्थळापाशी थांबवील, तापापाशी तरी थांबवील. थांबवलं नाही. तिचा हात सुपातल्या तिळांवरून फिरत राहिला. बाभळींपाशीचं वाचताना तेवढा थांबला, मग पुन्हा फिरू लागला. माझं वाचून संपलं. मी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

सुपातला एक खडा वेचून टाकत तिनं विचारलं, "कसा व्हता तिळगूळ?"

"चांगला होता," मी म्हणालो.

"तो मन्हा व्हता," ती म्हणाली, आणि सूप उचलून आत गेली.